अप्पांची सवालवही

मल्लिनाथअप्पांवर काहीतरी लिहा, असं मला आजवर तीन जणांनी सांगितलं. एकदा शाळेच्या स्मरणिकेसाठी, एकदा अप्पांच्या मुलीनं त्यांच्या पहिल्या पुण्यतिथीला, आणि एकदा माझ्याच नातीनं. तिन्ही वेळा मी डोळ्यांचं कारण पुढं केलं. डोळे अधू आहेत हे खरं, पण रोजचा पेपर मी शेवटच्या पानापर्यंत वाचतो. अप्पांवर लिहायचं तर खरं लिहावं लागेल, आणि खरं लिहिलं तर त्यात मी येतो, म्हणून मी टाळत होतो. आता वय एकोणऐंशी झालं. आणखी टाळलं तर लिहायला मीच राहणार नाही.

जळकोटला हमरस्त्यावर एसटीतून उतरून आत चालत गेलं की आमचं वडगाव लागतं. या शाळेवर माझी बदली झाली तेव्हा चावडीशेजारच्या पत्र्याच्या खोलीत वाचनालय होतं. चार लोखंडी कपाटं, दोन बाकं, एक टेबल. टेबलामागं पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा असा एक माणूस पुस्तकं मोजत होता. मोजणी कानडीत चालली होती. "ओंदु, यरडु, मूरु..." आई अक्कलकोटकडची, त्यामुळं अंक तेवढे तिच्या भाषेत, बाकी सगळं मराठीत.

मी नवा होतो. सहज विचारलं, "गावात प्यायचं चांगलं पाणी कुठल्या विहिरीला आहे?"

त्यांनी ड्रॉवरमधून एक जाड वही काढली, माझा प्रश्न लिहिला, माझं नाव विचारून लिहिलं, तारीख घातली. मग मागची पानं चाळत म्हणाले, "ह्यो सवाल तुमच्या आदी दोघांनी इचारलाय, गुरुजी. माळावरच्या हिरीचं प्या. मे महिन्यात जरा मचूळ लागतंय. हे सांगितलंय पाणक्या शिदूनं. त्यानं तीस वर्सं ते पाणी वाह्यलंय."

ही अप्पांची सवालवही. शाळेत असताना निजामाच्या राजवटीतलं थोडं उर्दू त्यांच्या कानावर पडलं होतं, म्हणून प्रश्नाला ते सवाल म्हणत आणि उत्तराला जवाब. वहीचे चार रकाने होते. सवाल. जवाब. कुणी सांगितलं. कसं कळलं. शेवटच्या रकान्यात तीनच शब्द यायचे, वाचलं, ऐकलं किंवा पाहिलं. उत्तर पुस्तकात मिळालं तर पुस्तकाचं पान लिहायचे. नाही मिळालं तर गावात जाऊन माहीतगार माणूस शोधायचे. तरी नाही मिळालं तर रकान्यात लिहायचे, "न्हाय घावलं". तोंडानं मात्र म्हणायचे, "गोत्तिल्ल." माहीत नाही. हा कानडी शब्द ते असा ठसक्यात उच्चारायचे, की समोरच्याला वाटावं आपल्याला काहीतरी मौल्यवान मिळालं.

"न्हाय म्हणायला लाज कसली, गुरुजी?" ते मला सांगत. "ग्रंथपालाला दोन शब्द यावं लागतेत. ह्ये घ्या, आन् हितं न्हाय. दुसरा शिकायला जास्त वर्सं लागतेत."

मी मुख्याध्यापक म्हणून आपोआप वाचनालय समितीचा चिटणीस झालो आणि निवृत्तीनंतरही राहिलो. समितीत नाव असणारे बाकीचे लोक चहाला यायचे. वाचनालय अप्पाच चालवत. झाडलोटीला कमळाबाई यायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण सवालवहीत तिचं नाव माझ्यापेक्षा जास्त वेळा होतं. ज्वारीला कीड लागू नये म्हणून काय घालावं, बाळाची टाळू कधी भरते, कुठल्या शेळीला दूध आटतं, असल्या जवाबांखाली अप्पा तिचं नाव लिहायचे. एकदा केर काढता काढता ती थांबली आणि म्हणाली, "अप्पा, माज्या नावाम्होरं काय लिवलंय?"

"पाहिलं."

"आन् गुरुजींच्या?"

"वाचलं."

"मंग म्या मोठी का गुरुजी?"

"वहीत तू मोठी," अप्पा म्हणाले. "समितीत गुरुजी."

ती इतकी हसली की टेबलाला धरून बसली. मीही हसलो. त्या वेळी मला हसता येत होतं.

दुपारी वाचनालयात कुणी नसे. अशा वेळी अप्पा त्यांच्या मनातल्या एका वाचनालयाबद्दल बोलायचे. "समजा, गुरुजी, दुनियेतलं सगळं म्हाईत असलेलं एकच वाचनालय हाय. किती खोल्या लागतील?" मी म्हणायचो, हजार. ते मान हलवायचे. "पुस्तकांच्या हजार धरा. मंग धनगरांची खोली. कुठल्या माळावर कुठलं गवात, ते लिवलेलं न्हाय. सुइणींची खोली. गवंड्यांची खोली. मेलेली माणसं संगं घिऊन गेली त्याची एक खोली, तिला कुलूप. आन् सगळ्यात थोरली खोली न्हाय-घावलंची."

"आणि ग्रंथपाल किती?"

"एकच. पर त्यो दारात बसला पायजे. मानूस आत शिरला की इचारायचं, सवाल काय हाय बाबा? कशापायी पायजे? तसं न्हाय इचारलं तर एवढ्या खोल्यात मानूस खुळा हुईल."

हे बोलणं मी वर्षानुवर्षं ऐकलं. म्हणून पहिल्यांदा माझ्या हातात इंटरनेटचा मोबाईल आला, तेव्हा मी तो घेऊन तडक वाचनालयात गेलो. "अप्पा, तुमचं वाचनालय आलं," असं म्हणून तो त्यांच्या टेबलावर ठेवला. मुलानं पुण्याहून पाठवला होता. मला त्याचा इतका अभिमान होता, जसा काही तो मीच बनवला होता.

अप्पांनी चष्मा पुसला आणि सवालवह्या काढल्या. तोवर चौदा वह्या झाल्या होत्या. न्हाय-घावलंमधले सवाल ते एकेक वाचू लागले आणि मी मोबाईलला विचारू लागलो. एका गुराख्यानं वीस वर्षांपूर्वी विचारलं होतं, थंडीत तळ्यावर येणारे करकोचे कुठून येतात? मोबाईल म्हणाला, मंगोलियातून, हिमालय ओलांडून. फोटो दाखवला. अप्पांनी मोबाईल दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी जवाब लिहिला. कसं कळलं या रकान्यात आयुष्यात पहिल्यांदा चौथा शब्द घातला. "पडद्यावर दिसलं."

ते लहान मुलासारखे खूश झाले होते. अप्पा जुन्या वळणाचे होते म्हणून त्यांचा नव्याला विरोध होता, असं नंतर लोक बोलले. मी ते बोलू दिलं. ते खोटं होतं.

मग त्यांनी विचारलं, "आपल्या वडगावाबद्दल काय म्हणतंय?"

मोबाईल पुष्कळ काही म्हणाला. लोकसंख्या सांगितली, नदी सांगितली, द्राक्षाच्या बागा सांगितल्या. आमच्या गावाला नदी नाही आणि द्राक्षं आम्ही बाजारात बघतो. ते दुसरंच कुठलं तरी वडगाव होतं. महाराष्ट्रात वडगावं काय कमी आहेत?

अप्पा हसले नाहीत. मोबाईल माझ्याकडं सरकवत म्हणाले, "वाचनालय थोर हाय, गुरुजी. पर दारात कुणी बसलेलं न्हाय. आन् ह्याला हितं न्हाय म्हणता येत न्हाय. ह्याला काय बी इचारा, ह्ये देतंय."

"शिकेल हळूहळू," मी म्हणालो.

"शिकंल. कोण शिकवंल त्याला, त्यावर हाय."

आता आडाचं सांगतो. हे मोबाईलच्या बरंच आधीचं. जुन्या कागदांवर आमच्या गावाचं नाव 'आडाचं वडगाव' असं आहे. शाळेतल्या एका मुलीनं ते कुठं तरी वाचून अप्पांना विचारलं, की आड म्हणजे विहीर, तर आपल्या गावात आड कुठं आहे? गावात कुणी सांगेना. म्हातारी माणसं विषय बदलायची. पूर्वी कधी तरी त्या आडात एकामागून एक तीन सुनांनी जीव दिला होता. मग गावानं आड बुजवला आणि त्याचं नाव काढायचं नाही, असं मारुतीसमोर ठरवलं. गावानं ते इतकं पाळलं, की दोन पिढ्यांत जागाच विसरली.

ती जागा ज्यांना माहीत होती, त्यात कमळाबाईची सासू धोंडाबाई शेवटची. अप्पा तिच्याकडं चार वेळा गेले. चौथ्या वेळी ती बोलली. बुजवताना तिनं लहानपणी डोक्यावर दगड वाहिले होते. आड मारुतीच्या मागं, जुन्या लिंबापासून वीस पावलांवर. आणि तो पुरता बुजवलेला नाही. दगड पुरेना, तेव्हा आतल्या कंगोऱ्यावर बाभळीचे वासे आडवे टाकले आणि फक्त वरचा भाग भरला. खाली पोकळी तशीच. "कुणाला सांगू नगा, पर लिवून ठिवा," असं ती म्हणाली. अप्पांनी अकराव्या वहीत लिहून ठेवलं. कुणी सांगितलं, धोंडाबाई. कसं कळलं, पाहिलं.

हे मला अप्पांनी त्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी ऐकलं आणि विसरलो. विसरलो असं म्हणतो, पण ते विसरणंही सोयीचं होतं, हे पुढं कळेल.

मोबाईल आल्यावर काही वर्षांनी गावासाठी ई-वाचनालय मंजूर झालं. पक्की खोली, सहा संगणक, इंटरनेट. अर्ज माझा, खटपट माझी. तालुक्याला मी किती खेपा घातल्या ते मलाच माहीत. जागा ठरली मारुतीच्या मागची मोकळी. तिथला लिंब तोवर वाळून पडला होता.

जुन्या खोलीची आवराआवर निघाली तेव्हा अप्पा मुलीच्या बाळंतपणासाठी अक्कलकोटला गेले होते. रद्दीवाला दारात आला. जुनी वर्तमानपत्रं, फाटकी मासिकं मी त्याला दिली. खालच्या कप्प्यात सोळा वह्या होत्या. मी एक उघडून पाहिली. शेळीचं दूध, बाळाची टाळू, मंगोलिया. मला वाटलं, हे सगळं आता संगणकावर मिळणारच आहे. धोंडाबाई माझ्या मनातही आली नाही. मी त्या वह्या गठ्ठ्यावर ठेवल्या. कमळाबाई म्हणाली होती, "गुरुजी, अप्पांना इचारा की आदी." मी तिला म्हणालो, "तू केर काढ."

अप्पा परत आले. रिकाम्या कप्प्यात हात फिरवून पाहिला. ओरडले नाहीत. "किती दिस झालं?" एवढंच विचारलं. नऊ दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी ते जळकोटला गेले, तिथून रद्दीच्या मागं मागं आणखी कुठं कुठं गेले. संध्याकाळी आले तेव्हा काखेत एक वही होती, तिचीही मागची पानं फाडलेली. बाकीच्यांच्या पुड्या झाल्या होत्या, भज्यांच्या आणि चिवड्याच्या.

"सोळातली एक घावली," ते म्हणाले. "तिसरी. अकरावी न्हाय घावली."

मी म्हणालो, "जाऊ द्या अप्पा. आता सगळं मोबाईलवर मिळतं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मोबाईलला धोंडाबाई भेटली व्हती का, गुरुजी?"

पाया खणायच्या दिवशी ते आले. सरपंच, ठेकेदार, पाचपन्नास माणसं जमली होती. अप्पा मधोमध जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ह्या जागी आड हाय. मदी एक खड्डा घिऊन बघा, मंग बांधा."

"कोण म्हणतं?" ठेकेदारानं विचारलं.

"धोंडाबाई."

"ती तर कवाच मेली की!" कुणी तरी म्हणालं, आणि लोक हसले. "अप्पा, मेलेल्यांच्या खोलीची चावी घावली व्हय तुमाला?" त्यांचं ते मनातलं वाचनालय साऱ्या गावाला पाठ होतं.

अप्पा माझ्याकडं वळले. मला माहीत होतं. चार माणसांपुढं मी एवढंच म्हणायचं होतं की, होय, वहीत नोंद होती. पण मग वही कुठं आहे, हा प्रश्न आला असता. उद्घाटनाला मोठे पाहुणे ठरले होते, पाटीवर माझं नाव कोरायला दिलं होतं. मी खिशातून मोबाईल काढला, उपग्रहाचा नकाशा उघडला आणि सगळ्यांना दाखवला. "हे बघा, आभाळातून काढलेला फोटो. मारुतीचं देऊळ, ही आपली जागा. कुठं दिसतोय आड?"

लोकांनी माना डोलावल्या. अप्पा हळू आवाजात म्हणाले, "उघडा आड वरनं दिसतोय, गुरुजी. बुजवलेला कसा दिसंल?"

पाया फक्त भिंतींखाली खणला गेला. मध्ये कुणी कुदळ लावली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा माझ्या घरी आले, एक चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "समितीच्या कागदात लावा." मी बरं म्हणालो. ते गेल्यावर चिठ्ठी वाचली, घडी केली आणि पंचांगात ठेवली. आषाढाच्या पानात.

इमारत झाली. उद्घाटन झालं. अप्पा रोज यायचे, पण उंबऱ्याच्या आत कधी आले नाहीत. दारातल्या पायरीवर बसायचे. आत फॉर्म भरायला आलेल्या पोरापोरींना विचारायचे, "सवाल काय हाय बाबा?" पोरं म्हणायची, "अप्पा, नेट हाय की आता." कमळाबाई इथंही झाडायला होती. तिला ते रोज बजावायचे, "कमळे, भिंतीच्या कडंकडंनं झाड. मदी जाऊ नगंस."

ती मला सांगायची, "गुरुजी, अप्पा म्हणतेत मदी पाय दिऊ नगं. मदी काय देव बसलाय व्हय?" आणि हसायची.

दुसऱ्या पावसाळ्यात चार दिवस झड लागली होती. पाचव्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला मी मारुतीला आलो होतो. आवाज फार मोठा झाला नाही. पोतं खाली टाकावं एवढाच. धावत गेलो तर भिंती उभ्या होत्या, पाटी जागेवर होती, आणि दारातून पाहिलं तर फरशीच नव्हती. खोलीभर काळं भोक. कडेला एक संगणक वायरला लोंबकळत होता. कमळाबाईची केरसुणी दारात भिंतीला टेकलेली होती. ती आधी टेबलं पुसायची, मग केर काढायची. टेबलं मध्ये मांडलेली होती. मीच मांडायला सांगितली होती.

तिला दुपारी बाहेर काढलं. अप्पा पायरीवर बसून होते. तिला वर आणली तेव्हा ते उठले, खांद्यावरचा पंचा तिच्या तोंडावर पसरला आणि परत जाऊन बसले.

पंधरा दिवसांनी चौकशीला एक साहेब आले. चावडीत खुर्च्या मांडल्या. साहेबांनी मला विचारलं, "बांधकामाआधी कुणी हरकत घेतली होती का? लेखी काही?"

पुढं बसलेल्या लोकांना तो पायाचा दिवस आठवत होता, पण हसलेली माणसं कशाला तोंड उघडतील? सगळे माझ्याकडं बघत होते. चिठ्ठी घरी कुठल्या पानात आहे, हे मला त्या क्षणी नीट माहीत होतं. मी म्हणालो, "माझ्या माहितीत नाही."

मागून अप्पा उभे राहिले. "साहेब, म्या चिठ्ठी दिलती. गुरुजींकडं."

"नक्कल आहे?"

"म्या नक्कल ठिवत न्हाय. गुरुजींकडं दिली म्हंजी वाचनालयात दिली."

साहेबांनी परत मला विचारलं. "मिळाली होती का, गुरुजी?"

"नाही."

अप्पा माझ्याकडं पाहत राहिले. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. एखाद्या पुस्तकाचं हवं तेच पान फाटलेलं निघावं, तसे ते पाहत होते. मग साहेबांना म्हणाले, "गुरुजी म्हणतेत तर न्हाय दिली असंल," आणि खाली बसले.

अहवालात लिहिलं गेलं की जमिनीखाली आड असल्याची कुणालाही माहिती नव्हती. सही माझीही होती.

गावानं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. म्हातारा बाई मेल्यावर शहाणपण मिरवतोय. काही जण तोंडावर म्हणाले, "म्हाईत व्हतं तर कमळाला आत का जाऊ दिलं?" तिच्या नवऱ्यानं अप्पांशी बोलणं टाकलं. तो मला मात्र रस्त्यात थांबून नमस्कार करायचा. तो नमस्कार मी वर्षानुवर्षं घेतला.

अप्पांनी बोलणं सोडलं नाही, फक्त जवाब देणं सोडलं. पोरं पूर्वीच्या सवयीनं काही विचारायची. अप्पा म्हणायचे, "गोत्तिल्ल." त्यात पूर्वीचा ठसका नव्हता. माळावरच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात कसं लागतं, असं कुणी विचारलं तरी, "गोत्तिल्ल." ज्या माणसाला आयुष्यभर माहीत असणं आणि माहीत नसणं यातला फरक जपायचा होता, त्याला मी अशा ठिकाणी आणून सोडलं, की त्यानं तो फरकच पुसून टाकला.

चार वर्षांनी कळलं की त्यांनी अंथरूण धरलंय. मी पंचांगातून चिठ्ठी काढली, सदऱ्याच्या खिशात घातली आणि निघालो. वाटेत एकच वाक्य पाठ करत गेलो. मुलांना पाठांतर करायला लावण्यात माझा जन्म गेला होता. पाचसहा शब्दांचं वाक्य, पण घरापासून त्यांच्या दारापर्यंत मी ते चाळीस वेळा तरी म्हटलं असेल.

ते बाजेवर पडले होते. मोतीबिंदूनं डोळे पांढरे झाले होते. पायरव ऐकून त्यांनी विचारलं, "कोण?"

"मी. गुरुजी."

"बसा." मग जुन्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "सवाल काय हाय?"

मी खिशावर हात ठेवला. आत त्यांची मुलगी भाकरी थापत होती. तिला ऐकू जाईल, असं वाटलं. आणि मी म्हणालो, "यंदा पाऊस कसा होईल म्हणता?"

अप्पा कुशीवर वळले. "गोत्तिल्ल," ते म्हणाले. थोड्या वेळानं भिंतीकडं तोंड करून त्यांनी विचारलं, "एवढ्यासाठी आलतात?"

"हो," मी म्हणालो.

आठ दिवसांनी ते गेले. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणं त्यांना बसवून माती दिली. खड्ड्याच्या कडेला उभा असताना चिठ्ठी खिशातच होती. वाटलं, बेलाच्या पानांबरोबर तीही आत सोडावी. हात खिशात गेलाही. पण मग वाटलं, एकदा वह्यांच्या पुड्या करून, एकदा चिठ्ठी पंचांगात दडवून झालं. आता मातीखाली घातली तर ते तिसऱ्यांदा बुजवणं होईल. मी रिकाम्या हातानं माती टाकली.

माझी नात पुण्यात शिकते. मागच्या दिवाळीत तिनं मोबाईलवर गावाचं नाव टाकलं आणि मला म्हणाली, "आबा, आपल्या गावाची बातमी आहे, बघा." आता मोबाईलला आमचं वडगाव सापडतं. द्राक्षाच्या बागा गेल्या. पहिलीच ओळ येते ती दुर्घटनेची, आणि त्यात लिहिलेलं आहे, की तिथं आड असल्याची कुणालाही माहिती नव्हती. दुनियेच्या त्या वाचनालयात आमच्या गावाबद्दल खात्रीनं सांगितलेली एवढीच एक गोष्ट आहे, आणि ती माझी आहे. धोंडाबाईनं डोळ्यांनी पाहिलेलं चिवड्याच्या पुडीतून गेलं. मी तोंडानं बोललेलं खोटं मात्र जगाच्या पाठीवर कुणीही, केव्हाही उघडून वाचू शकतं.

म्हणून हे लिहिलं. हे कुणी त्या बातमीशेजारी ठेवलं तर बरं होईल. कमळाबाईच्या नवऱ्याला मी परवा घरी जाऊन सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि उठून आत गेला. आता तो नमस्कार करत नाही.

चिठ्ठी आता मी अप्पांच्या तिसऱ्या वहीत चिकटवली आहे. ती एक वही त्यांच्या मुलीनं मला दिली, गुरुजी तुम्हीच सांभाळा म्हणून. चिठ्ठी अशी आहे: "चिटणीस साहेबांस. मारुतीच्या मागं, पडलेल्या लिंबापासून वीस पावलांवर आड आहे. वासे घालून वरवर बुजवला आहे. मधे खणून पाहावं. सांगितलं धोंडाबाईनं. कसं कळलं, पाहिलं. ही चिठ्ठी मिळाल्याचं कळवावं."

कळवायचं राहून गेलं. त्या दिवशी त्यांच्या बाजेपाशी जे वाक्य चाळीस वेळा पाठ करून घेऊन गेलो होतो आणि तसंच परत घेऊन आलो, ते एवढंच होतं:

अप्पा, तुमची चिठ्ठी मला मिळाली होती.